जाळ्याचा वाटा

जेसल पार्क, भाईंदर पूर्व
२ मार्च

मनाली,

'प्रिय' लिहिणार होते, पण तू तिथेच पत्र फाडशील म्हणून नुसतं मनाली. फोन उचलत नाहीस, व्हॉट्सॲपवर मला ब्लॉक केलंस. म्हटलं, पोस्टमनला कशी ब्लॉक करते बघू. सातपाटीचा तुझ्या मामाचा पत्ता लक्ष्मीकाकीने दिलाय, आणि 'मी दिला म्हणून सांगू नको' असंही बजावलंय. आता तुला कळलंच आहे तर तू तिला सांगू नकोस.

माफी मागायला लिहीत नाहीये, हे आधीच सांगते. हळदीकुंकवाच्या कार्यक्रमात काय झालं ते तुला आठवतंय, मलाही आठवतंय. मंडळाचे अध्यक्ष म्हणून तुझ्या गोपीकाकांनी दरवर्षीसारखी आपल्या दोघींना शाल घातली, नारळ दिला, मोरव्याच्या बालवाडीची आपण किती सेवा करतो त्यावर भाषण ठोकलं. आणि तू त्यांच्या हातातला माईक घेऊन म्हणालीस, "काका, शाल पुरे झाली. रात्री ह्या रिकाम्या हॉलची राखण करनाऱ्या वॉचमनला आमच्या दोघींपेक्षा जास्त पगार हाय. आमी तर पोरं राखतो." शाल त्यांच्या खुर्चीवर ठेवलीस आणि चालू पडलीस. दारात वळून माझ्याकडे बघितलंस. मी उठले नाही, म्हणून मी फितूर.

बरं, फितूर तर फितूर. पण दोघी उठलो असतो तर दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पोरांनी कुणाच्या तोंडाकडे बघायचं होतं? तू बोललीस ते सोळा आणे खरं होतं. मी बसून राहिले तेही बरोबर होतं. मला आज विचारलंस तरी मी तेच सांगेन.

आता कामाचं. खेळण्यांच्या कपाटाची किल्ली तुझ्या पर्समध्ये गेली आहे. काकांच्या रीमाने दिलेला तो लाकडी मासा अडकवलेली. चिकणमाती, ठोकळे, मणी, बाहुल्या, सगळं आत अडकलंय. गोपीकाका हातोडी घेऊन आले होते कुलूप फोडायला. मी फोडू दिलं नाही. ते कपाट तू एकेक डबा धुऊन लावलंस, ते हातोडीने उघडायचं नाही. किल्ली कुरिअरने पाठव, पैसे मी देते.

बाकी इकडे सगळे मजेत. मुलं मजेत. रीमाही मजेत.

संध्या


१७ मार्च

मनालीबाई,

उत्तर नाही, किल्लीही नाही. शिमग्याला तरी येशील असं वाटलं होतं. होळीला अख्खं मोरवा नाचत होतं. लक्ष्मीकाकी बँडच्या पुढे नाचता नाचता थांबली, मला म्हणाली, "मनू पायजे होती," आणि पुन्हा नाचायला लागली. तुझी काकी रडायचं कामसुद्धा तालात करते.

खेळण्यांशिवाय कसं चाललंय, ते ऐक. इतक्या वर्षांच्या सत्काराच्या शाली माझ्याकडे ट्रंकभर पडल्यात. एकही धड ऊब देत नाही. त्या सगळ्या उचलून हॉलवर आणल्या. निळी शाल खाडी झाली, दोन हिरव्यांचा तंबू झाला, जरीची लाल होती तिचं जाळं. लक्ष्मीकाकीने पाटीभर शिंपले धुऊन दिले, ते मासे. पोरं सकाळपासून मासे पकडतात, मोठे-बारीक वेगळे लावतात, मोजतात, विकायला बसतात, भावावरून भांडतात. परवा गोपीकाका दारातून डोकावले. त्यांनी स्वतः मला घातलेली जरीची शाल चार पोरं फरशीवरून ओढत होती. मी म्हटलं, काका, बघा, शालीचा पहिल्यांदा उपयोग झाला. चष्मा पुसत निघून गेले.

बिल्डिंगमधल्या एका मम्मीने विचारलं, "टीचर, ये लोग लिखते कब हैं?" तिला मी तुझं लेक्चर हिंदीतून ऐकवलं. पहिले उंगली में ताकत आने दो, फिर पेन्सिल. माती मळली की बोटं तयार होतात, शिंपले लावले की डोकं तयार होतं, भाव केला की जीभ तयार होते. तिला अर्धं पटलं. उरलेलं अर्धं पटवायला तू लागतेस, कारण तू हात नाचवून बोलतेस.

आता एक खरं सांगते. मागच्या पत्रात रीमा मजेत आहे असं लिहिलं होतं. ती मजेत नाही. घरी गोपीकाकांच्या डोक्यावर बसून दिवसभर चिवचिव करते म्हणे, पण बालवाडीत तू गेल्यापासून एक शब्द बोललेली नाही. चार वर्षांच्या पोरीला कळतं, ग. तू तिच्याशी तिच्या घरचं बोलायचीस, हाय-न्हाय करत, म्हणून तिला हॉल घरासारखा वाटायचा. मी "काय झालं बाळा" म्हटलं की टीव्हीवरच्या बातम्यांतल्या बाईकडे बघावं तशी बघते. तुझ्यासारखं "काय झाला गो" म्हणून बघितलं, तर तोंडावर हात ठेवून हसली. हसली, पण बोलली नाही.

हे तुला अडकवायला लिहीत नाही. खोटं कशाला बोलू, अडकवायलाच लिहितेय.

संध्या


३ एप्रिल

मने,

ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? एक गोष्ट तुझ्यापासून लपवली होती. हॉल जायची वेळ आली आहे.

मेन रोडवर जी नवीन इंग्लिश प्री-प्रायमरी झाली, तिचा मालक पराग नावाचा मुलगा आहे. त्याला जूनपासून आपला हॉल हवाय. भाडं देणार, रंग काढणार, एसी बसवणार. मंडळाचं म्हणणं, एका बाईवर बालवाडी चालत नाही. नवीन वर्ग सुरू होईपर्यंत दुसरी बाई मिळाली नाही तर हॉल त्याला. आणि आपण देतो त्या मानधनात दुसरी बाई काय, दुसरी मांजरही येणार नाही. दोघी येऊन गेल्या. एकीने आकडा ऐकून विचारलं, हा आठवड्याचा का?

परागने मलाही नोकरी देऊ केली. इथल्यापेक्षा जास्त पगार. आता परत फितूर म्हण, पण पुढचं वाचून म्हण. मी वेळापत्रक बघायला मागितलं. तीन वर्षांच्या पोरांना सकाळपासून सुटेपर्यंत लिखाण, मध्ये एकदा डबा, आणि गळ्यात टाय. मी विचारलं, आधीच्या टीचर का सोडून गेल्या? मुलगा खोटं बोलणारा नाही. म्हणाला, "पगार पुरत नाही मॅडम, कुणी वर्षभर टिकत नाही." म्हणजे पळसाला पानं तीनच. एसीत बसा नाहीतर पंख्याखाली, लहान पोरांची बाई सगळ्यांना स्वस्तातच पाहिजे. मी त्याला चहा पाजला आणि नाही म्हटलं.

तो हॉल बघायला आला त्या दिवशीची गोष्ट. गोपीकाका त्याला फिरवत होते, हा भाग असा, तो तसा. इकडे पोरांचा होडीचा खेळ रंगात आला होता. मासे किनाऱ्याला लागले होते आणि रीमा बसली होती वाटे घालायला. तुमच्याकडे खरी होडी आली की घालतात ना, तस्सेच. मुकाट्याने शिंपल्यांच्या राशी करत होती. मी सहज जवळ जाऊन बसले आणि विचारलं, हा कुणाचा?

आणि मने, ती बोलली.

"यो होडीचा. यो जाल्याचा. यो तांडेलाचा. यो खलाश्याचा." मग एक छोटी रास केली, "यो देवाचा." त्याहून छोटी, "यो मांजरीचा." एवढे महिने गप्प बसलेली पोर घडाघडा बोलत होती आणि मी श्वास रोखून बसले होते. गोपीकाकाही थांबून ऐकत होते. मला मोह आवरला नाही. म्हटलं, "आणि माझा?"

तिने माझ्याकडे बघितलं, शिंपल्यांकडे बघितलं. म्हणाली, "तू होडीवर न्हाय."

पराग हसला. गोपीकाका हसले नाहीत. आणि मी? मांजरीला वाटा आणि मला नाही, एवढा अपमान आयुष्यात कुणी केला नव्हता. तरी मी त्या पोरीला उचलून हॉलभर नाचवली. बोलली ना. बाकीचं गेलं उडत.

संध्या


१५ एप्रिल

मने,

काल जयंतीच्या मिरवणुकीत ओरडून घसा बसलाय, म्हणून आज नुसती लिहिते. आमच्या सासूबाई, चंपाबाई, गुडघे दुखतात म्हणून रिक्षात बसून मिरवणुकीत आल्या आणि शेवटी रिक्षावाल्यालाच नाचायला लावलं.

रविवारी हॉलवर मंडळाची सभा झाली. विषय एकच, परागला हॉल द्यायचा का. मी तयारी करून गेले होते. लहानपणीच्या शिक्षणाने पुढे काय काय होतं, सगळं पाठ केलं होतं. दोन मिनिटं बोलले असेन, तोवर मागचे पुरुष मोबाईलमध्ये गेले. चूक त्यांची नाही. मी तुझ्यासारखी बोलत नाही, मी फळ्यावर लिहिल्यासारखी बोलते.

मग गोपीकाका उठले. म्हणाले, बाई चांगली आहे, आम्ही मान देतो, पण पगार कशातून द्यायचा? गावाचं उत्पन्न म्हणजे होड्या. होडीच्या वाट्यात ज्याचा हात लागतो त्याला मिळतं. आणि हसत हसत पुढे म्हणाले, माझी नातच बोलली, बाई होडीवर न्हाय.

लक्ष्मीकाकी बाजारातून सरळ आली होती. रिकामी पाटी अजून काखेत होती. मागे बायकांत बसली होती, तिथूनच बोलली. उभीसुद्धा राहिली नाही.

"पोर बाईकडं हाय म्हनून मी बाजारात हाय. मी बाजारात हाय म्हनून तुमचा मासा इकतोय. उद्या पोर माझ्या काखंत दिलंव तर पाटी कोन घेईल, तुमी?" आणि वर म्हणाली, "बाई होडीवर न्हाय तर मी पन न्हाय. उद्यापासून तुमचा मासा तुमीच इका."

मोरव्यात मासा कोण विकतं आणि पैसा कुणाच्या कमरेला असतो, हे तिथल्या प्रत्येक पुरुषाला माहीत आहे. एकेक बाई मान हलवायला लागली. गोपीकाकांनी आधी लक्ष्मीकाकीकडे, आपल्या बायकोकडे बघितलं, मग छताकडे बघितलं आणि ठराव केला. प्रत्येक होडीच्या वाट्यात बालवाडीचा एक वाटा. बिल्डिंगवाल्यांनी उठून सांगितलं, आमची फी वाढवा, बाहेर ह्याच्या तिप्पट देतो. परागला हॉल तूर्त नाही. तूर्त एवढ्यासाठी म्हणतेय, की जूनपर्यंत दुसरी बाई पाहिजे ही अट तशीच आहे.

दुसरी बाई कोण, ते मी सभेत सांगितलं नाही. कुणी विचारलंही नाही. सगळे माझ्याकडेच बघत होते, म्हणजे सगळ्यांना माहीतच आहे.

वाटा मिळाला, मने. आता तरी ये.

संध्या


२९ एप्रिल

मने,

हसू नकोस. हसणारच आहेस म्हणा.

सभेनंतरच्या रविवारी सकाळी मी आंघोळीला गेले होते. बेल वाजली. सासूबाई वर जयंतीची खुर्ची परत द्यायला गेल्या होत्या, त्यामुळे गोपीकाकांचा खलाशी शेजारच्या दारात पाटी ठेवून गेला. बालवाडीचा वाटा आला होता. बोंबील, मांदेली, वर थोडी कोळंबी. आणि शेजारच्या दारात म्हणजे कुणाच्या? हंसाबेनच्या. ज्या लसणालासुद्धा नाक मुरडतात.

"संध्याभाभी, ये क्या रखके गया, पूरा माला महक रहा है!" मी ओल्या केसांनी बाहेर. सेक्रेटरी बाहेर. मी त्यांना हिंदीत समजावतेय की ये मेरा पगार है, आणि तेवढ्यात सासूबाई जिन्यावरून उतरल्या, पाटीत वाकून बघितलं आणि म्हणाल्या, "असा पगार सरकारात बी न्हाई." बोंबील त्यांनीच साफ केले, त्यांनीच तळले. मराठवाड्यातून आल्या तेव्हा ओला बोंबील कसा धरायचा तेही माहीत नव्हतं त्यांना. हंसाबेनसाठी मी संध्याकाळी ढोकळा घेऊन गेले. आता बोलतात, पण दाराआडून.

दुसऱ्या दिवशी मी गोपीकाकांना विचारलं, काका, हे काय? ते म्हणाले, "वाटा मागितलास, वाटा दिला." त्यांचं काही चुकलं नाही. वाटा म्हटलं की मोरव्यात मासा. मला वाटलं वाटा म्हणजे पगार, त्यांना वाटलं वाटा म्हणजे वाटा. पुढच्या आठवड्यात मासा विकून पैसे दिले, ठीक आहे, पण त्या आठवड्यात काकांच्या जाळ्याला मासा कमी लागला म्हणून आमचे पैसेही कमी.

आणि ते पैसे आले त्याच दिवशी तुझं पोस्टकार्ड आलं. एवढ्या पत्रांनंतर पहिलं. त्यावर फक्त दोन शब्द. 'आणि बंदीत?'

ते कार्ड मी फ्रिजवर लावलंय. दोनच शब्द लिहिलेस, पण म्हणजे सगळी पत्रं वाचलीस, एकही फाडलं नाहीस. सासूबाई म्हणाल्या, अगं, एवढं काय आनंदाचं आहे त्यात, ती तर भांडतेय. मी म्हटलं, भांडतेय म्हणजे येणार आहे.

पण तू दुखऱ्या जागीच बोट ठेवलंस. जूनपासून मासेमारीला पावसाळी बंदी, होड्या किनाऱ्याला, वाटा बंद. आणि आपली नवी पोरं नेमकी जूनमध्ये येतात. नवी पोरं म्हणजे रडणं, शू, आईचा पदर, सगळं एकदम. वर्षात सगळ्यात जास्त राबायचं तेव्हाच हातात काही नाही. होडी चालली तर पगार, नाही तर शाल. तू ह्याला हो म्हणणार नाहीस आणि मीही म्हणणार नाही. विचार करतेय. मार्ग सुचला नाही तर खोटं लिहिणार नाही.

संध्या


१२ मे

मने,

सुचला. म्हणजे मला नाही सुचला, मी नुसतं विचारलं.

गोपीकाका हॉलच्या मागे सावलीत जाळं पसरून बसले होते. फाटलेलं विणत होते. मी बाजूला बसले. बालवाडीचं काही बोलले नाही. विचारलं, काका, बंदीत कमाई नसते, मग जाळ्याला नवीन दोरा कुठून येतो?

मी काहीतरी वेडगळ विचारलंय अशा नजरेने बघितलं त्यांनी. म्हणाले, जाळ्याचा वाटा असतो ना. तो सीझनभर काढून बाजूला ठेवायचा, सगळ्यांच्या आधी. मासा कमी असो, जास्त असो. होडी चालवणारा तांडेल उपाशी राहील पण जाळ्याचा वाटा मोडायचा नाही. "बंदीत जालं न्हाय शिवलं, तर सीझनला खाडीत काय आपली लुंगी टाकशील?"

मी म्हटलं, "काका, मग आमचा वाटा जाळ्याच्या वाट्यात घाला."

त्यांचा हात थांबला. खेळणारी पोरं हॉलच्या खिडकीतून दिसत होती, रीमा कुणाला तरी दम देत होती, मोठ्याने. तिला बघत होते. मग म्हणाले, "बाई, तू मना माझ्याच जाल्यात धरलंस."

परवा पुन्हा सभा झाली. ह्या वेळी पाठ केलेलं काही बोलले नाही. जे ठरलं ते लिहून, वाचून दाखवून, सह्या घेऊन त्याची झेरॉक्स ह्या पत्रासोबत जोडतेय. पैसे जाळ्याच्या वाट्यातून आधी बाजूला निघतील आणि बँकेत बालवाडीच्या नावाने जमा होतील. पगार ठरलेला, महिन्याच्या एक तारखेला, बंदी असो नसो. दोघींना सारखा. ह्या वर्षीच्या बंदीपुरता बाजारातल्या बायकांनी हात दिलाय, कारण जाळ्याच्या वाट्यातला आपला हिस्सा नुकता सुरू झाला. आणि हो, वॉचमनपेक्षा जास्त आहे. तो स्वतः सभेत टाळ्या वाजवत होता, त्याची पोर येत्या वर्षी आपल्याकडेच यायची आहे.

खूप आहे असं नाही, मने. तुझ्या शिक्षणाला शोभेल एवढं अजून नाही. पण पगार आहे. त्याला कुणी मानधन म्हणालं की लक्ष्मीकाकी त्याच्याकडे बघते.

पराग भेटला होता. त्याने माझ्याकडून त्या ठरावाची प्रत मागितली. म्हणाला, माझ्या टीचर टिकवायच्या असतील तर मलाही काहीतरी करायला लागेल. मी त्याला प्रत दिली, आणि टाय तेवढी काढ असंही सांगितलं.

आता एक मागणं. सुरुवातीला मी किल्ली मागत होते. आता मागत नाही. किल्ली पाठवू नकोस. पाकिटातून किल्ली आली तर मी समजेन की तू येत नाहीस, आणि मग मी काय करेन मला माहीत नाही. कपाट अजून तसंच बंद आहे. पोरं रोज त्याला हात लावून बघतात. मी पण बघते.

तुझ्यावाचून करमत नाही, ग. हे पहिल्याच पत्रात लिहायचं होतं, पण तेव्हा मी रागात होते.

संध्या


सातपाटी
२४ मे

संध्याताई,

पाकीट हाताला कडक लागलं म्हणून घाबरू नको. रिक्षात उघडत असशील तर आधी उतर.

तुझी सगळी पत्रं मामीने मोठ्याने वाचलीत. बोंबलाच्या पाटीचं तर तीनदा वाचून घेतलं मामाने. इथं आख्ख्या वाडीत हंसाबेन फेमस हाय. तुझ्याशी शुद्ध लिहायचं मी सोडलंय, समजून घे.

तू उठली न्हाईस तेवा मना लय लागलं. अजून लागतं. पन तू उठली असतीस तर रीमा अजून पन कोनाशी न बोलता बसली असती, ते मना इथं बसून कळलं, तुझी पत्रं वाचून. बरोबर कोन होतं ते आपन हॉलमदी भांडून ठरवू, पोरं गेल्यावर, चहा घेऊन.

झेरॉक्स नीट वाचली. मामाला पन वाचून दाखवली. तो म्हनतो, जाल्याचा वाटा देवाच्या आधी निघतो, त्यात तुमाला घातलं म्हंजे गोपीनाथ सुधारला. मी म्हटलं, सुधारला न्हाय, काकीनं सुधरवला.

माझ्या अटी लिहून ठेव. एक तारीख म्हंजे एक तारीख. दर वर्षी पगारावर सभा व्हायला पायजे, आपन न सांगता. आनि पहिल्या दिवशी हॉलवर कोनी शाल घेऊन उभं दिसलं तर मी दारातून परत फिरेन, काका असले तरी.

पाकिटात किल्ली न्हाय. नुसता मासा हाय, किल्लीचा. किल्ली मी गळ्यातल्या दोऱ्यात ओवलीय, रात्रीपन काढत न्हाय, मामी हसते. कपाटाला कोनी हात लावू नका.

मासा रीमाच्या हातात दे. तिला सांग, किल्ली घेऊन मी मागनं येते.

मनाली